आमच्या गच्चीला कुलूप

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. कारण मी. गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले होते, जिना जरा कमी करा. माझ्या मुलाला 'जरा' हा शब्द ऐकू आला नाही. किल्ली त्याच्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात गेली आणि रोज सकाळी त्याच्याबरोबर भोपाळच्या दुसऱ्या टोकाला, मिसरोदच्या ऑफिसात जाऊ लागली. म्हणजे घर आमचं अयोध्या नगरात, आणि गच्चीवर जायचा हक्क दिवसभर मिसरोदला.

"माझ्याच घरात मला कुलूप?" मी विचारलं.

"तुला नाही आई, दाराला आहे."

हा वकील व्हायचा, चुकून इंजिनिअर झाला.

लोकांना वाटतं, म्हातारीला गच्ची पापड वाळत घालायला हवी असते. पापड मी दुकानातून आणते आणि छान लागतात. मला वर जायचं होतं ते छत बघायला. ज्या घरात राहायचं त्याचं छत वर्षातून एकदा तरी आपल्या डोळ्यांनी बघावं, ही अक्कल मला फार उशिरा आली, आणि उशिरा आलेली अक्कल माणूस सहजासहजी सोडत नाही.

आधी माझ्याकडे ती मुळीच नव्हती. लग्न होऊन मी पुण्याहून भोपाळला, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आले, ती नाकाने कांदे सोलत. क्वार्टर यांच्या कारखान्याचं. नळ गळला, तक्रार लिहा. खिडकी लागत नाही, तक्रार लिहा. भोपाळच्या पावसात छत ठिबकायला लागलं, की खाली बादली ठेवा आणि तक्रार लिहा. मग सिव्हिलची, म्हणजे कारखान्याच्या घरदुरुस्ती खात्याची, माणसं येत, शिडी लावून वर जात, काहीतरी करून खाली येत. ते वर काय करतात हे एकदाही, एकदासुद्धा, मला बघावंसं वाटलं नाही. मी खाली उभी राहून त्यांना सांगायची, "जल्दी करो, मेहमान आनेवाले हैं." माझं हिंदी तेव्हा असं होतं की ती माणसं हसू दाबत शिडी चढत. मला वाटे, आदराने गप्प आहेत.

यांची नोकरी संपली, आम्ही अयोध्या नगरात घर बांधलं आणि थाटात राहायला गेलो. पुढच्याच पावसाळ्यात स्वयंपाकघरात ठिपके पडायला लागले. मी बादली ठेवली आणि यांना म्हटलं, "जरा सिव्हिलला सांगून या."

हे कारखान्यात मोठाल्या यंत्रांची तपासणी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बूट घातले, रेनकोट घातला, स्कूटर बाहेर काढली, सुरू केली. मग बंद केली.

"कोणाच्या सिव्हिलला सांगू?" त्यांनी फाटकातून विचारलं.

मी दारात, ते फाटकात, मध्ये पाऊस. दोघांनाही उत्तर माहीत नव्हतं. आणि हे आमचंच नाही. आमची अख्खी गल्ली कारखान्याच्या टाउनशिपमधून निवृत्त होऊन आलेल्यांची. समोरच्या उज्जैनच्या बाईंनी त्याच आठवड्यात मला विचारलं, "तुमच्याकडे सिव्हिलवाले येऊन गेले का हो?" मी अगदी गंभीरपणे म्हटलं, "नाही, अजून वाट बघतोय." जन्मभर दुसऱ्याच्या छताखाली राहिलेली माणसं आम्ही. स्वतःचं छत झालं, तर ते ओळखूच येईना.

मग आम्ही दोघं छत्री घेऊन वर गेलो. यांना तर खेळणंच मिळालं. दर मे महिन्यात ते हातोडी घेऊन गच्ची ठोकत फिरायचे. टणक वाजलं तर पुढे, पोकळ वाजलं तर खडूने गोल. मी झाडू मारायची. झाडूने कळतं ते हातोडीने कळत नाही, असं माझं मत होतं आणि त्यांचं अर्थातच नव्हतं. कठडा आणि गच्ची जिथे भेटतात तिथे सिमेंटचा गोलसर काठ असतो, त्याला इथे गोला म्हणतात. पहिली चीर तिथे पडते. त्या चिरेत पिंपळाचं रोप दिसलं की ते मुळासकट काढायचं, नुसतं खुडायचं नाही. पाणी उतरायच्या भोकावरची जाळी साफ करायची. शेवटी भोकांत चिंध्या कोंबून गच्चीत घोट्याएवढं पाणी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली येऊन छताकडे माना वर करून बघायचं. हे गेल्यावर हातोडी मी माळ्यावर टाकली, पण झाडू आणि पाणी चालू ठेवलं. कुलूप लागेपर्यंत.

या पावसाळ्यात माझ्या खोलीच्या कोपऱ्यात, जिन्याच्या भिंतीला लागून, ओल आली. मी मुलाला म्हटलं, "दार उघड. मी बघते."

"तू काय बघणार? मी माणूस बोलावलाय."

माणूस आला तो कामाच्या दिवशी दुपारी. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. सुनेने दार उघडलं. त्याने ओलीचा फोटो काढला, मग विचारलं, "छत पे किधर से जाते हैं?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. किल्ली मिसरोदला.

तर त्या गृहस्थांनी काय करावं? परत जावं, रविवारी यावं? नाही. माझ्या पलंगाशेजारी उभं राहून त्यांनी मुलाला फोन लावला आणि सांगितलं, की छत पुराना आहे, जान नाही उरली, वरून पूर्ण टीन शेड घाला म्हणजे टेन्शन खतम. छत न बघता. डॉक्टरने पेशंटचं नाव ऐकून पाय कापायला सांगावा, तसं. आणि माझा इंजिनिअर मुलगा फोनच्या स्पीकरवरून म्हणाला, "ठीक है, सोमवार से काम शुरू कीजिए."

मी इतकी संतापले की रात्री जेवताना एक शब्द बोलले नाही. आमच्या घरात हे वादळ समजतात.

"आई, शेड घातली की वर बघायलाच नको," मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला. "घर जुनं झालंय. काही गोष्टी सोडून द्यायच्या."

घराबद्दल बोलत होता म्हणे.

मला दिसत होतं पुढे काय होणार ते. एकदा तो पत्रा चढला की गच्ची म्हणजे अडगळीची खोली. जुने टायर, तुटका कूलर, फुटक्या कुंड्या. मग मला वर जायला कारणच उरणार नाही, आणि कारण उरलं नाही की कुलूप कायमचं. वर आभाळही नाही. आणि त्या पत्र्याखाली पाणी कुठून शिरतंय हे तर कोणालाच कळलेलं नाही.

रविवारी सकाळी मुलगा अंघोळीला गेला. जुडगा फ्रिजवर होता. मी तो उचलला आणि जिना चढायला लागले. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मुलासारखी. सुनेने स्वयंपाकघरातून पाहिलं. ती ग्वाल्हेरची, मराठी घरातलीच, पण घाबरली की हिंदीत जाते.

"आई, कहाँ चलीं? रहने दो ना. हे बाहेर आले तर मला रागावतील."

"मग तू पाहिलंच नाहीस."

"आता कसं नाही पाहिलं? पाहतेय ना."

"तर मग वर ये आणि नीट पाहा. झाडू घेऊन ये."

 मग गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि ती माझ्यामागे, एक हात माझ्या पाठीशी धरून. झाडू आणला होता.

कुलूप गंजलं होतं. दार ढकललं तर अर्धंच उघडलं, कारण पलीकडे पाणी होतं. शेजारच्या कडुनिंबाचा हिवाळ्यापासूनचा पाला गच्चीवर कुजून काळा चिखल झाला होता. जाळीवर पाला, कबुतरांची पिसं आणि दुधाची रिकामी पिशवी यांचा गच्च गोळा. पाण्याला उतरायला वाट नाही, म्हणून ते दाराच्या उंबऱ्यापर्यंत चढलं होतं, आणि उंबऱ्याखालच्या चिरेतून सरळ खाली, माझ्या कोपऱ्यात. छताला काही झालं नव्हतं. छत बिचारं तळं सांभाळत बसलं होतं.

सुनेने सलवार वर खोचली, पाण्यात उतरली आणि झाडूच्या दांड्याने जाळी मोकळी केली. पाइपातून असा आवाज आला की खाली मुलगा न्हाणीघरातून ओरडला, "काय फुटलं?"

तो वर आला तो टॉवेल खांद्यावर, केस ओले. दारातच थबकला. पाणी उतरत होतं आणि मागे चिखलाची रेघ राहत होती.

"आई, तू वर कशी आलीस?"

"तुझं छत गळत नाहीये," मी म्हटलं. "तुझं कुलूप गळतंय."

"चिडू नकोस ग."

"चिडू नको? सहा-आठ महिने इथे झाडू नाही. मी झाडत होते तेव्हा कधी ओल आली? खोलीतून फोटो काढून लोक माझ्या डोक्यावर पत्रा ठोकणार, आणि मी चिडू नको? पत्र्यावरचा पाला कोण काढणार होतं, तो फोनवाला?"

तो सुनेकडे वळला. "तू तरी सांगायचंस."

"किसको सांगू? किल्ली तुमच्याकडे," ती पाण्यातूनच म्हणाली. त्या दिवसापासून ती मला विशेष आवडते.

 तो चप्पल काढून पाण्यात उतरला, उंबऱ्यापाशी वाकून चीर बोटाने चाचपली, आणि खिशातून फोन काढून शेडवाल्याला सांगितलं, "भाईसाहब, कल मत आइए." पाऊस उघडल्यावर ती चीर त्यानेच सिमेंटने बुजवली. मग आम्ही भोकांत चिंध्या कोंबून पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी तिघंही माझ्या खोलीत माना वर करून उभे होतो. कोपरा कोरडा.

किल्ली आता फ्रिजशेजारच्या खिळ्यावर असते. अट एवढीच, की मी एकटीने वर जायचं नाही. मी ती मान्य केली, पण सहज नाही, तोंड वाकडं करून.

खरं तर त्या रविवारी पाणी उतरल्यावर मुलगा म्हणाला होता, "चल आता खाली." आणि माझा गुडघा असा आखडला होता की मला पायरी उतरताच येईना. हे मी त्याला कशाला सांगू? मी म्हटलं, तपासणी संपलेली नाही, मला इथेच खुर्ची आणि चहा आणा. त्यांनी आणला. मी दुपारपर्यंत वर बसून दोघांकडून कोपरान् कोपरा झाडून घेतला. खाली कशी उतरले ते सून जाणते, आणि तिला मी बजावून ठेवलंय.