हंकाकांचं पूर्ण वाक्य

सोफे दुरुस्त करणारा माणूस दिवसभर तोंडात खिळे धरून काम करतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांना हंकाकांचा स्वभाव कळणं अवघड आहे. चिमूटभर बारीक खिळे गालात ठेवायचे, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकानं तो टिपायचा आणि कापडावर ठोकायचा. त्या वेळी कुणी काही विचारलं तर 'हं' एवढंच म्हणता येतं. त्याहून मोठा शब्द काढला तर खिळा घशात. तीस वर्षांत ही सवय अशी मुरली की संध्याकाळी खिळे डबीत परत गेले तरी शब्द काही बाहेर यायचे नाहीत. गिऱ्हाइकाला हं, भाजीवाल्याला हं, आणि मुलीनं आपलं लग्न आपणच ठरवल्याचं सांगितलं तेव्हा जरा लांबवून हंऽ. गल्लीतल्या पोरांनी हंकाका हे नाव पाडलं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

काकूंचं सगळं याच्या उलट. त्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायच्या, आणि घरी आल्यावर भोंगा बंद होत नसे, फक्त मायक्रोफोन नसे एवढंच. आंघोळीचं पाणी तापलं आहे, मागाहून तक्रार चालणार नाही, हेही जाहीर होई. बोलायचं खातं एकीकडे आणि हं म्हणायचं दुसरीकडे, अशा वाटणीवर दोघांचा संसार कुरकुर न करता चालला होता.

मग एका दुपारी जेवता जेवता हंकाकांच्या छातीत कळ आली. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावरचे मास्तर, समोरचा इस्त्रीवाला आणि आणखी दोघं धावले, आणि त्यांनी हंकाकांना हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसवून तीन जिने उतरवले. खुर्ची घरचीच, गादीही हंकाकांनीच शिवलेली. रुग्णवाहिकेला गल्लीत शिरता येईना, म्हणून वरात तशीच गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. प्रत्येक खिडकीत दोन-दोन डोकी होती. हंकाका वाचले, हृदयात जाळी बसली, महिन्याभरात हिंडू-फिरूही लागले. पण ती खुर्ची काही त्यांच्या डोक्यातून उतरेना.

लोक चांगले होते, हीच अडचण होती. इस्त्रीवाला हातातली पिशवी काढून घ्यायचा. मास्तर जिन्यात भेटले की कडेला सरकून "सावकाश, सावकाश" म्हणायचे. मुलगी दर रविवारी यायची आणि बापाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायची नाही. ज्या माणसानं तीन जण बसतील असे सोफे एकट्यानं उलटे केले होते, त्याच्याकडे आता सगळी गल्ली काचेचं सामान आल्यासारखी बघे. हंकाकांना याचा मनापासून राग येई. राग आला की ते 'हं' म्हणत, त्यामुळे कुणाला कळत नसे.

शहरातला सायकल क्लब दर वर्षी धरणापर्यंत आणि परत अशी लांबची फेरी काढायचा. फेरीचा रस्ता हंकाकांच्या गल्लीतूनच जायचा. त्या वर्षीची फेरी त्यांनी खिडकीतून पाहिली, शेवटचा सायकलवाला वळणाआड जाईपर्यंत पाहिली, आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी मी जाणार."

तीन शब्दांच्या वर गेले म्हणजे प्रकरण गंभीर, हे काकूंनी ओळखलं. का, कशाला, हे वय आहे का, धरणापर्यंत दर तासाला बस आहे आणि खिडकीची जागाही मिळवून देते, असं सगळं त्यांनी बोलून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी हंकाकांनी कारण सांगितलं. "गल्लीतून खुर्चीवर गेलो होतो. एकदा माझ्या पायांनी जायचंय. सगळ्यांसमोर." त्यानंतर काकूंनी बसचं नाव काढलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कुणाचं मन मोडण्याची त्यांना हौस नव्हती. तपासण्या करून त्या म्हणाल्या, जायला हरकत नाही, पण हळूहळू वाढवत, आणि एकट्यानं नाही. मनगटावरच्या घड्याळात नाडी बघायचा उपयोग नाही, कारण हृदयाच्या गोळीनं नाडी दाबूनच ठेवलेली असते.

"साधी कसोटी सांगते," त्या म्हणाल्या. "चढावर सायकल मारताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की उतरायचं."

काकू इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. बसल्या जागी जो माणूस पूर्ण वाक्य बोलत नाही तो चढावर काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. हंकाकांनी दवाखान्याच्या स्टुलाकडे बोट दाखवून विषय बदलायचा प्रयत्न केला. त्याचं रेग्झिन फाटलं होतं.

अशा रीतीनं सराव सुरू झाला. पुढे हंकाका आणि मागे काकू, कारण कसोटी घ्यायला कान लागतात आणि एवढ्या पहाटे दुसरं कुणी कान द्यायला तयार नव्हतं. काकूंची सायकल म्हणजे रोज बसस्थानकावर जायला वापरायची तीच, पुढे टोपली असलेली. पहिल्या दिवशी पुलाच्या चढावर हंकाकांनी पाढे म्हणायला घेतले. एकोणतिसाचा पाढा पुलाच्या टोकापर्यंत नेऊन त्यांनी विजयी मुद्रेनं मागे पाहिलं. काकूंनी पाढा बाद केला. पाठांतराला दम लागत नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडांची नावं घेतली, रेग्झिन, मखमल, ताग, जाजम. तेही बाद. वाक्याला कर्ता हवा, क्रियापद हवं, आणि ऐकणाऱ्याला त्यात रस वाटायला हवा, ही तिसरी अट काकूंनी पदरची घातली.

मग एका सकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, हंकाकांनी सोफ्यांत काय काय सापडतं ते सांगायला सुरुवात केली. सोफा उघडला की घर उघडतं. नाणी, कंगवे, चष्म्याच्या काड्या हे तर सगळ्यांकडेच असतं. पण गोड खायला मनाई असलेल्या एका वकिलांच्या सोफ्यात चॉकलेटचे कागद असे ठासून भरले होते की आणखी वर्षभर नवा फोम घालायची गरज नव्हती. दोन भावांनी वाटणीत आईचा सोफा मधोमध करवतीनं कापला आणि अर्धा-अर्धा घेऊन दोघं वेगवेगळ्या दिवशी आले. प्रत्येकाला आपल्या अर्ध्याचा अख्खा करून हवा होता.

"मग?" काकूंनी विचारलं.

मग हंकाकांनी दोघांनाही सोफे करून दिले, पण आईच्या जागेचं झिजलेलं कापड कापून दोन्हींत आतून सारखं लावलं आणि कुणालाच सांगितलं नाही. हे सांगेपर्यंत पूल संपला होता, पुढचा चढही संपला होता, आणि वाक्य एकदाही तुटलं नव्हतं.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"तोंडात खिळे होते."

त्या दिवसापासून हंकाकांच्या तोंडाचं कुलूप निघालं ते निघालंच. तीस वर्षांची शिल्लक होती. रोज पहाटे ते बोलायचे आणि मागून काकूंचं 'मग?' यायचं, कधी 'हं' यायचं. चढ लांबत गेले. हंकाकांचे पाय भरले, चेहऱ्यावर तजेला आला, आणि मुलीनं पेला हातातून काढून घेतला तर ते आता तो परत घ्यायचे. स्वतःवर ते इतके खूश होते की काकू कमी बोलतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. उलट त्यांना वाटलं, बायकोला आता आपली किंमत कळायला लागली. माणसाला बोलायची चटक लागली की पहिला बळी कानांचा जातो.

फेरीला थोडे दिवस उरले असताना धरणाआधीचा मोठा चढ करून बघायचं ठरलं. चढाच्या मध्यावर हंकाकांचा श्वास शांत होता, ऊन कोवळं होतं, आणि इतके दिवस ज्याच्या वाटेला ते गेले नव्हते तिथे त्यांचं बोलणं आपोआप वळलं.

"त्या दिवशी खुर्चीतून खाली नेत होते ना मला," ते म्हणाले, "तेव्हा मला तुला एक सांगायचं होतं."

'मग?' साठी ते थांबले. 'मग?' आलं नाही.

त्यांनी मागे पाहिलं. काकू खूप खाली होत्या, मैलाच्या दगडावर बसलेल्या, सायकल बाजूला आडवी. हंकाकांनी मिळवलेला सगळा चढ उतरून टाकला. काकूंचा चेहरा कागदासारखा झाला होता आणि छाती भात्यासारखी चालली होती.

"बोल," हंकाका म्हणाले. "पूर्ण वाक्य."

काकूंनी तोंड उघडलं, दोन शब्द आले आणि पुढचे हवेतच राहिले. सगळ्या शहराला गाड्यांच्या वेळा ऐकवणाऱ्या बाईला एक वाक्य पुरं करता येईना. हंकाका तेव्हा जेवढे घाबरले तेवढे स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हाही घाबरले नव्हते. त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून एक टेम्पो थांबवला, सायकली मागे टाकल्या आणि दवाखाना गाठला.

काकूंच्या अंगात रक्त कमी होतं, चांगलंच कमी, आणि ते बऱ्याच महिन्यांपासून कमी होत आलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग स्वतःवरही थोड्या रागावल्या. वर्षभर या बाई आपल्या समोरच्या खुर्चीत बसत होत्या, आणि आपण दर वेळी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तपासत होतो. दिव्याखाली अंधार तो हाच. दम लागतोय हे सांगितलं का नाहीस, असं हंकाकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुमचा सराव थांबला असता, आणि दोन भावांच्या सोफ्यांसारख्या आणखी गोष्टी राहिल्या असत्या. हे त्यांनी थट्टेनं म्हटलं, पण हंकाकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

काकूंना गोळ्या, सुया आणि सक्तीची विश्रांती मिळाली. हंकाकांनी क्लबात जाऊन यंदा येत नाही म्हणून सांगितलं. काकू चिडल्या, माझ्यासाठी अडून बसू नका म्हणाल्या. मुलगीसुद्धा, जी सायकलच्या नावानं बोटं मोडायची, बाबा जा म्हणाली. ओळखीचा कुणीतरी मागे ठेवू.

"त्याला काय सांगू?" हंकाका म्हणाले. "'मग' कोण म्हणणार?"

फेरी गल्लीतून गेली तेव्हा दोघं खिडकीत होते. काकूंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडे पाहिलं. ते सायकलींकडे बघत नव्हते, काकूंची औषधं काढत होते. काकूंनी मधूनमधून खुर्चीतलं काय सांगायचं होतं ते विचारून पाहिलं, पण हंकाका म्हणायचे, चढावर सांगेन. आधीचा मुका हंकाका परवडला, असं काकूंनी बसस्थानकावर सगळ्यांना सांगितलं. म्हणजे आवाज परत आला होता.

पुढच्या वर्षी दोघंही निघाले. आता काकू पुढे आणि हंकाका मागे, कारण मागच्या अनुभवानं हंकाकांनी पाठीमागच्या माणसावर विश्वास ठेवणं सोडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकच कसोटी घालून दिली होती. काकू सुरुवातीपासून बोलत होत्या, त्यामुळे ती आपोआप पार पडत होती.

फेरी गल्लीत शिरली आणि हंकाकांचा चेहरा पडला. ऊन टाळायला क्लबानं यंदा फेरी लवकर काढली होती, अजून उजाडायचं होतं. मास्तरांची खिडकी बंद, इस्त्रीवाल्याचं दार बंद, सगळी गल्ली साखरझोपेत. ज्यासाठी दोन वर्षं एवढी ऊरस्फोड केली ते बघायला एक कुत्रं होतं, आणि त्यानंही मान वर केली नाही. हंकाकांच्या तोंडून फक्त 'हं' निघालं.

काकूंना ते पाठ वळवूनसुद्धा कळलं. त्यांनी गल्लीच्या मधोमध सायकल हळू केली, घसा साफ केला आणि बसस्थानकाच्या आवाजात जाहीर केलं: "रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तिसऱ्या मजल्यावरचे सोफावाले स्वतःच्या पायांनी धरणाकडे रवाना होत आहेत. ज्यांनी खुर्ची उचलली होती त्यांनी खिडकीशी यावे."

खिडक्या फटाफट उघडल्या. मास्तर गंजीफ्रॉकवर आले. इस्त्रीवाला चादर गुंडाळून आला आणि आधी कुणाला तरी न्यायचंय असं समजून जिन्याकडे धावला. मग त्यानं बघितलं आणि दोन्ही हात वर केले. हंकाकांनी हँडलवरचा एक हात सोडून त्यांना नमस्कार केला. सायकल थोडी डगमगली, पण पडली नाही.

धरणाआधीचा चढ लागला तेव्हा बाकीचे कधीच पुढे निघून गेले होते. मैलाचा दगड मागे पडला. काकू बोलतच होत्या, आणि बोलता बोलता मान न वळवता म्हणाल्या, "आला तुमचा चढ. सांगा आता. खुर्चीतून काय सांगायचं होतं?"

हंकाकांनी पेडलवर जोर देऊन अंतर कमी केलं.

"तू खुर्चीचा हात धरून चालली होतीस," ते म्हणाले. "भर उन्हात, अनवाणी. रस्ता तापलेला होता. मला फक्त चप्पल घाल म्हणायचं होतं. पण तेवढाही श्वास नव्हता."

काकू गप्प झाल्या. आपण अनवाणी होतो हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. चाकांचा आवाज येत राहिला, साखळी वाजत राहिली, आणि पुढून शब्द येईना.

"अगं, थांब. उतर खाली," ते म्हणाले. "बोल काहीतरी. पूर्ण वाक्य."

काकूंनी एक हात सोडून पदरानं तोंड पुसलं. मग पुढेच बघत, सावकाश, एकही शब्द न तोडता त्या म्हणाल्या, "मला दम लागलेला नाही, तुम्ही मुकाट्यानं सायकल मारा."

हंकाका हं म्हणाले आणि पेडल मारू लागले.