छापून आलेला हात

तिचं गाव मी सांगणार नाही. आंबी नाही आणि नवलाख उंबरेही नाही, एवढंच सांगते. मावळात एखाद्या बाईचं गाव आणि काम सांगितलं की बाकीचं लोक स्वतःच शोधून काढतात. हे शहाणपण मला फार उशिरा आलं. तिचं वय, तिचं काम, तिच्या हातावरचं गोंदण, सगळं मी इथे थोडं थोडं बदललं आहे. हेच आधी केलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी देहूरोडची. वडील लष्कराच्या डेपोत कामाला होते आणि त्यांचा कागदावर भारी विश्वास. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिक्षणाला आणि लिहिलेल्या शब्दाला मान. लिहून घेतलेलं असलं की कुणाला मागे फिरता येत नाही, असं वडील म्हणायचे. मी एमएसडब्ल्यू केलं आणि जुन्या हायवेलगतच्या एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात समाजसेविका म्हणून लागले. काम असं, की डॉक्टर बोलतात ते पेशंटला समजेल असं सांगायचं, आणि पेशंट बोलतो ते डॉक्टरला वापरता येईल असं लिहायचं. दोन्ही मला बरं जमायचं. निदान तसा माझा समज होता.

संमतिपत्र हे माझंच खातं. इंग्रजी फॉर्मचं मराठी मीच केलं होतं, आणि ते सोपं झालंय म्हणून सगळ्यांनी माझं कौतुकही केलं होतं. त्यात खालच्या बाजूला एक ओळ होती: उपचारादरम्यान घेतलेली छायाचित्रे वैद्यकीय शिक्षण व संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही. ओळ सोपी आहे. ती वाचून दाखवली असती तर कुणालाही कळली असती. पण सकाळी ओपीडीत रांग दारापर्यंत यायची, म्हणून मी आदल्या दिवशी बसून शंभरेक फॉर्मांवर जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवायचे. मग पेशंट समोर आला की फुलीवर बोट ठेवायचं. खेडेगावातले लोक तर फुलीचीही वाट बघत नसत. खुर्चीत बसायच्या आधीच विचारायचे, "ताई, कुटं करू सही?" आपल्याला उपचार द्यायला कुणीतरी तयार झालंय, त्यात आपण प्रश्न विचारायचे म्हणजे उर्मटपणा, असं त्यांना वाटायचं. आणि मी, खरं सांगते, ते बघून खूश व्हायचे. काम पटापट उरकायचं.

तीही तशीच आली. चाळिशीच्या आतबाहेरची, बोलकी, सातवी शिकलेली. लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होती असं धरून चालू. उजव्या हातावर, कोपराच्या खाली मोर गोंदलेला. तरुणपणी जत्रेत मशीनवाल्याकडून काढून घेतलेला, आणि गोंदताना मध्येच जनरेटर बंद पडला म्हणून शेपटी अर्धीच राहिलेली. मशीनवाला पुढच्या वर्षी पुरी करून देतो म्हणाला आणि पुन्हा फिरकलाच नाही. हा किस्सा तिने मला पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितला. तिच्या आळीत सगळे तिला त्या मोरावरून चिडवत.

त्या मोराच्या रेघांवरून चट्टा उठला होता. पिसांवर सुई टोचली तरी कळत नव्हतं. तपासणीत कुष्ठरोग निघाला. सरांनी, म्हणजे आमच्या त्वचारोग विभागाच्या डॉक्टरांनी, तिला समोर बसवून नीट समजावलं: वर्षभर पाकिटातल्या गोळ्या घ्यायच्या, पूर्ण बरी होशील, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण व्हायची भीती नाही, कामाला खुशाल जा. सर मनाने चांगले. एका महिन्यात ती गोळ्या न्यायला येऊ शकली नाही तर त्यांनी स्वतःच्या गाडीने पाकीट पाठवलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांना राक्षस ठरवू नये. राक्षस असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

सरांना वाटलं, त्या जत्रेतल्या सुईतूनच हे आलं असावं. अशा केसेस क्वचित लिहिल्या जातात. हाताचे फोटो काढले, चेहऱ्याचा एकही नाही. तिने फक्त एवढं विचारलं की हे कुणाला दाखवणार. मी म्हणाले, डॉक्टर लोकांना, बाकी कुणाला नाही. "मंग बगू द्या की," ती म्हणाली आणि हात टेबलावर सरळ ठेवला.

सरांना बढतीसाठी पेपर कमी पडत होते. त्यांनी केस लिहायला घेतली आणि मला तिची सामाजिक माहिती लिहून मागितली. मी एक पानभर लिहून दिली. वाचणाऱ्याला बाई डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे, असं माझं पहिल्यापासून मत. विवाहित, मावळातल्या खेड्यातली, पुणे-मुंबई रस्त्यावरच्या थंड हवेच्या ठिकाणी गूळ-शेंगदाण्याची मिठाई बांधण्याच्या कारखान्यात काम करते, गोंदण अमुक वयात जत्रेत काढलं, वीज गेल्यामुळे अर्धं राहिलं. लोणावळा हे नाव न घेता लोणावळा सांगायची याहून सरस रीत मला सापडली नसती. सरांना ते फार आवडलं आणि त्यांनी जवळजवळ सगळं तसंच भाषांतर करून घातलं. पेपर एका जर्नलमध्ये छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत माझंही नाव होतं. मी ते पान छापून घेतलं आणि वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून माझं नाव शोधलं आणि कागद नीट घडी करून कपाटात ठेवला.

जर्नल इंटरनेटवर सगळ्यांना फुकट उघडता येत होतं. ज्ञान सगळ्यांना मिळावं हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण सगळ्यांमध्ये तिची आळीही येते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सरांच्याही आलं नाही. ज्यांनी तो पेपर तपासून पास केला त्यांच्या तर येण्याचं कारणच नव्हतं, ते मावळात कधी आले असतील असं वाटत नाही. चेहरा नाही, नाव नाही, म्हणजे ओळख नाही, असा तो हिशेब. आमच्याकडे माणसं हातावरून ओळखतात, हे सांगू शकणारी त्या सगळ्या साखळीत मी एकटीच होते.

तिच्याबरोबर पॅकिंगच्या टेबलावर बसणाऱ्या एका बाईची मुलगी नर्सिंग शिकत होती. तिला कुष्ठरोगावर काहीतरी लिहून द्यायचं होतं. तिने शोधलं, फोटो समोर आला. मोर ओळखून तिने आईला दाखवला, आणि आईने तो कारखान्यातल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. वाईट हेतूने टाकला असं मी म्हणत नाही. घाबरून टाकला असेल. दोन दिवसांनी मालकाने हिला सांगितलं की थोडे दिवस घरी राहा, खाण्याचा माल आहे, गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर पंचाईत होईल. हिच्या गोळ्यांचा कोर्स तेव्हा संपून कितीतरी महिने झाले होते. ती पूर्ण बरी होती. ते थोडे दिवस आजतागायत संपलेले नाहीत.

ती हॉस्पिटलात आली तेव्हा भर मे महिना होता आणि तिने मनगटापर्यंत बाह्यांचा, नवऱ्याचा शर्ट साडीवर घातला होता. मी आधी ओळखलंच नाही. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर तिचा हात होता आणि त्याखाली बारीक अक्षरात मी लिहिलेली जत्रेची गोष्ट.

"ताई, तुमी म्हनलावता डाक्टर लोकास्नी दाखवनार," ती म्हणाली. "ह्यात डाक्टर कोन हाय?"

ती ओरडली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने एवढंच मागितलं की हे तिथून काढा. ते काढलं की मालकाला सांगता येईल, तो हात माझा नव्हता. मी सांगितलं, काढू. किती सहज बोलून गेले मी. जणू ते जर्नल माझ्या टेबलाच्या खणात होतं.

सरांकडे गेले. त्यांचा चेहरा पडला, खरंच पडला. पण मग त्यांनी तिची फाइल मागवली आणि संमतिपत्र काढून टेबलावर ठेवलं. फुलीवर केलेली तिची सही, आणि वर मी केलेलं सोपं मराठी. आपण नियमाबाहेर काहीच केलेलं नाही, ते म्हणाले. ते स्वतःला समजावत होते की मला, ते मला कळलं नाही. मी म्हणाले, सर, मी तिला ती ओळ वाचून दाखवली नव्हती. त्यांनी फाइल मिटली आणि ते म्हणाले की असं बाहेर बोलू नका, तुमचीच नोकरी जाईल. मला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण नोकरीचा विचार माझ्या मनात त्यांच्या आधी येऊन गेला होता. हॉस्पिटलच्या नैतिकता समितीपुढे विषय गेला तेव्हा मी जे खरं ते सांगितलं. नोंद घेतली गेली. यापुढे फोटोंसाठी वेगळा फॉर्म असावा असं ठरलं, आणि त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडेच आलं.

शेवटी सरांनी जर्नलला मेल लिहिला, खाली मीही लिहिलं. फोटो काढा, निदान गोंदणावर पट्टी टाका. पण गोंदण झाकलं तर केसच उरत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य. रुग्णाच्या खासगीपणाची आम्हाला मनापासून काळजी आहे, असं त्यात होतं. मात्र परस्पर कुणाच्या सांगण्यावरून छापलेला मजकूर हलवता येत नाही, म्हणून सोबतचा फॉर्म रुग्णाने स्वतः भरून द्यावा: पूर्ण नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, आणि सही. त्यानंतर विचार केला जाईल. इतरत्र गेलेल्या प्रतींवर आमचा ताबा नाही, तेही नम्रपणे कळवलं होतं. मला त्यांचा राग धड करताही येईना. उद्या कुणीही उठून दुसऱ्याच्या नावाने काहीही काढायला लावेल, म्हणून तो नियम. बरोबरच आहे. प्रत्येकाचं बरोबरच होतं.

फॉर्मचं मराठी मी केलं. या वेळी एकेक वाक्य तीनतीनदा तपासलं, फुली मारली नाही, आणि रविवारी दुपारी तिच्या घरी गेले. हॉस्पिटलचं ओळखपत्र पर्समध्येच ठेवलं आणि आळीत कुणी विचारलं तर लांबची नातेवाईक सांगायचं ठरवलं. तिने आत घेतलं, पाणी दिलं. आता ती कुठल्याशा बंगल्यावर झाडलोट करत होती, तिथेही पूर्ण बाह्याच. मी फॉर्म पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. ती मन लावून ऐकत होती. आयुष्यात मी कुणाला इतकं नीट समजावून सांगितलं नसेल.

माझं वाचून झाल्यावर तिने कागद हातात घेतला आणि स्वतः वाचला, बोट फिरवत. "हितं माजं नाव लिवायचं?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. "आन हितं गाव, आन आधार कारड?" मी पुन्हा हो म्हणाले. आतापर्यंत त्यांच्याकडे तिचा नुसता हात होता. तो परत मिळवायचा तर नाव आणि गावही त्यांना द्यायचं, हे तिच्या लक्षात आलं. ते बाहेर जाणार नाही, त्यांच्यापाशीच राहील, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझी जीभ अडखळली. हेच वाक्य मी याआधी तिला सांगितलं होतं.

तिने कागदाची घडी केली आणि माझ्या पर्सवर ठेवली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"ताई, तुमी वाईट न्हाई, मला ठावं हाय," ती म्हणाली. "पन तुमी आनलेल्या कागदावर म्या आता सही करायची न्हाई."

मी समजावलं. न केल्यास फोटो तसाच राहील, हेही सांगितलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "ज्यांनी बगायचा त्यांचा बगून झाला." मग चहा ठेवायला उठली. मी चहा घेतला. नको म्हणायचं धाडस झालं नाही.

जर्नलकडून पुन्हा एक मेल आला. रुग्णाकडून फॉर्म न आल्याने तिची हरकत नाही असं समजून हे प्रकरण बंद करत आहोत. मी लगेच उत्तर लिहायला बसले. तिची हरकत आहे, तिचं काम गेलंय, ती उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालते, सगळं लिहिलं. सरांचं काय व्हायचं ते होवो, माझं काय व्हायचं ते होवो, असं ठरवून लिहिलं. मग पाठवायच्या आधी थांबले. हे सगळं तिचं होतं, आणि ते पुन्हा एकदा अनोळखी माणसांना पाठवायला तिची परवानगी लागत होती. या वेळी मी ती नीट विचारली होती, आणि तिने नाही म्हणून सांगितलं होतं. मी मेल पुसून टाकला.