घोड्यावरचे स्वामी

औशाजवळच्या आमच्या गावात एक जुना मठ आहे. तो स्थापन करणारे स्वामी देशमुखाच्या घरात जन्मले होते. आपल्या वाट्याची जमीन भावांना देऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि माळावर मठ बांधला. पुढे लुटारूंची फौज गावावर चालून आली, तेव्हा भगव्या वस्त्रांवरच तलवार बांधून ते शेतकऱ्यांसोबत लढले. जत्रेत दरवर्षी कुणीतरी त्यांचं सोंग घेऊन घोड्यावरून मिरवतं. एका वर्षी गावानं मला धरलं. मी शाळेत मास्तर; अंगानं उंच आणि दाढी राखलेली, एवढंच कारण.

मला घोड्याची भीती वाटते हे सांगायची लाज वाटली. मग आठवडाभर जेवण गेलं नाही.

लातूरहून वरातीचा घोडा आणला होता. घोडेवाला म्हणाला, "बिनघोर बसा गुरुजी. लेकरावानी हाय." मठातली खरी तलवार पुजाऱ्यानं माझ्या हातात दिली.

"धार हाय का हिला?" मी विचारलं.

"असंल की. पूजेतली हाय."

मिरवणूक वेशीपर्यंत नीट गेली. दोन्ही बाजूंनी बायका हात जोडत होत्या, मी खोगिराला मांड्या आवळून बसलो होतो. तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडा उधळला. घोडेवाल्याच्या हातातला लगाम सुटला आणि आम्ही थेट माणसांत शिरलो. लोक ओरडत बाजूला पळत होते. एका बाईच्या कडेवर तान्हं लेकरू होतं, तिला हलताच येईना. माझ्या उजव्या हातातलं पातं तिच्या डोक्याच्या उंचीवर होतं. पडायची भीती तेव्हा गेली आणि त्याहून वाईट भीती आली. मी हात मागं नेला आणि तलवार रिकाम्या ओढ्याकडं भिरकावली. मग दोन्ही हातांनी आयाळ धरली.

घोड्यानं त्या बाईला घासून वळण घेतलं आणि तो ज्वारीच्या रानात जाऊन दमून थांबला. मला उतरता येईना. घोडेवाल्यानं आयाळीतून माझी बोटं एकेक करून सोडवली.

कुणाला फार लागलं नव्हतं. पण गावकरी संतापले होते. "स्वामींची तलवार फेकून दिली गुरुजीनं," असं एक जण माझ्यासमोरच बोलला. मठाचे आत्ताचे महाराज म्हातारे आहेत. त्यांनी मला आत बोलावलं. आता शिव्या बसणार म्हणून मी खाली मान घालून बसलो. चहाचा कप हातात खडखडत होता.

"लई भ्यालात?" त्यांनी विचारलं.

"हाव, महाराज. ती बाई मरती की काय वाटलं."

त्यांनी माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला. मग म्हणाले, "लढाईहून आल्यावर मोठ्या स्वामींचा हातबी असाच कापायचा म्हणतेत. घास तोंडाला न्हाई जायचा. शिष्य भरवायचे. ते कोण मिरवणुकीत दाखवत न्हाई."

बाहेर लोक उभे होते. महाराज काठी टेकत दारापर्यंत गेले आणि त्यांना म्हणाले, "तलवार ओढ्यातून आणा, पुसून ठेवा. अन् पुढल्या सालापासून ती पालखीत जाईल."

दोघंतिघं ओढ्याकडं निघाले. तरी घरी जाताना मी मुख्य रस्ता टाळला.