के-सात आणि माझी कंबर

गेल्या दिवाळीत मी माझ्या मुलीचा दगड भाजला.

झालं असं की, पोलादपूरच्या घरी न्हाणीच्या चुलीवर ठेवायला हंडा उचलला आणि माझ्या कंबरेत उसण भरली. हंडा रिकामा होता. (हो, रिकामा!)

आई मूळची वरंधची. तिच्याकडे औषधं दोनच, शेक आणि टोमणे.

"भरलेला असता तर काय झालं असतं रे तुझं? जा, एक दगड तापव निखाऱ्यात. फडक्यात गुंडाळून शेक घे."

खिडकीत एक पांढरीशुभ्र गारगोटी होती. तिच्यावर ‘के-७’ असा कागद होता, सफरचंदावर असतो तसा. तो मी नखाने खरवडून काढला आणि गारगोटी निखाऱ्यात सरकवली. आई चुलीजवळच पाटावर बसलेली.

पाच मिनिटांनी आवाज आला. तड.

मग तड तड. मग ताड! एक कपची उडून न्हाणीच्या पत्र्यावर वाजली आणि मी कुंपणापलीकडे होतो. एवढं उंच कुंपण मी कसं ओलांडलं ते कंबरेला विचारा.

"अरे, दगड फुटतोय," आई पाटावरूनच म्हणाली. "तू कुठं चाललास? मी हितंच हाय."

तेवढ्यात केतकी, म्हणजे माझी मुलगी, बाजारातून आली. ती भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"बाबा, के-सात कुठाय? कशेडीच्या दरडीतून आणलेला. उद्या सरांना दाखवायचाय. सगळा प्रकल्प त्याच्यावर आहे."

मी कुंपणापलीकडूनच चुलीकडे बोट दाखवलं. मुलीचं वर्ष माझ्या डोळ्यांदेखत तडतडत होतं.

तिने चुलीत वाकून पाहिलं, डोकं धरलं आणि मग हसायलाच लागली. "नशीब, अर्धा कापून कॉलेजातच ठेवलाय. तोही आम्ही तापवणारच आहोत. पण मोजून, बाबा!"

माझा जीव भांड्यात पडला. "तापवून काय करणार?"

"ही गारगोटी जमिनीखालच्या गरम पाण्यात तयार झाली. तेव्हा त्या पाण्याचे बारीक थेंब आत कोंडले गेले. परत तापवली की थेंब फुगतात आणि तडे जातात. ती किती तापमानाला तडकली त्यावरून साधारण अंदाज येतो, घडताना पाणी किती गरम होतं त्याचा."

आईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग तुझा बाप कोमट पाण्यात घडलाय गो. पयल्या तडला कुंपणापार."

"आई!"

"खोटं नाय. ल्हानपणी आंगोळीला कोमटच लागायचं तुला."

कंबर मात्र त्या उडीत मोकळी झाली ती आजतागायत. फक्त, घरात कुणी फोडणीत मोहरी टाकणार असेल, तर मी आधी दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवतो.