पाच मिनिटं नजरेआड

"आमच्या कुत्र्याला पदवी मिळाली का?" असं तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता आणि दर रविवारी तुमचे आजोबा "आवाज तुटून राहिला" असं सांगून फोन माझ्या हातात देतात. आवाज काही तुटत नसतो. तेव्हा झालं काय, ते मीच सविस्तर लिहून पाठवते. मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे वडिलांना विचारा, त्यांचाही सराव होईल.

आधी पदवी म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाखाली बी.ई., एम.बी.ए. छापतात ना, तशीच अक्षरं कुत्र्यांच्या नावालाही लागतात. फरक एवढाच की कुत्र्याला त्यासाठी खरोखर काहीतरी करून दाखवावं लागतं. दिसायला देखणा असेल तर नावाच्या आधी 'चॅम्पियन' लागतं. सांगितलेलं ऐकत असेल तर नावाच्या मागे अक्षरं लागतात. तुम्ही परदेशी जाताना आमच्याकडे ठेवून गेलात त्या लॅब्रॅडॉरचं पोट पाहता पहिला मार्ग बंदच होता. राहिला दुसरा.

हे खूळ आपल्या घरात आलं ते गल्लीच्या टोकाच्या निवृत्त बँक मॅनेजरांमुळे. प्रताप नगरात त्यांच्या फाटकावर नवी पितळी पाटी लागली आहे. वरच्या ओळीत त्यांचा जर्मन शेफर्ड, 'चॅम्पियन' सकट. खालच्या ओळीत ते स्वतः. बायकोचं नाव पाटीत मावलं नाही. एका सकाळी फिरताना त्यांनी तुमच्या आजोबांना थांबवलं, आपल्या लॅब्रॅडॉरकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, लॅब्रॅडॉर म्हणजे जेवणारी जात. त्याला जेवू द्या, सुखी राहील."

आजोबा घरी आले आणि चहा न पिता खुर्चीत बसले. खापा गावातल्या ज्या घरात ते वाढले तिथे शेतावरच्या कुत्र्याला नावसुद्धा नसायचं. "हाड" आणि "ये" एवढ्यावर त्याचं सगळं आयुष्य पार पडायचं. तोच माणूस त्या सकाळी मला म्हणाला, "अवं, याले आपण शिकवू. नावाच्या मागं अक्षरं लावूनच दाखवतो." आणि त्याच रविवारी तुम्हालाही फोनवर सांगून मोकळे झाले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्या वाजवल्या की तुमचे आजोबा मागे फिरत नाहीत, हे तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगायला हवं होतं.

शिकवायला एक मुलगी मिळाली. मुलगी म्हणजे तिशीची, दोन लेकरांची आई. तिच्या घराण्यात उमरेडला हातमाग चालायचे. माग बंद पडले, भाऊ मोबाइलच्या दुकानात गेला आणि ही कुत्री शिकवायला लागली. रविवारी सकाळी मैदानावर दहा-बारा कुत्री आणि तितकेच मालक ओळीने उभे करायची. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, कुत्र्याचं काही टेन्शन नाही. काकांचं पाहा लागते."

मला ते तेव्हा विनोदी वाटलं. आता वाटत नाही.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे, चाळीस पानांचं. मालकांपैकी कोणी ते वाचलेलं नव्हतं. मी वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि पाठीला जाड पुठ्ठा लावला. तीन वेगवेगळ्या परीक्षकांसमोर तीनदा पास व्हावं लागतं, तेव्हा अक्षरं मिळतात. पहिल्या हिवाळ्यात कुत्रा काठावर पास झाला. दुसऱ्या हिवाळ्यात चांगला पास झाला. आजोबांनी दोन्ही प्रमाणपत्रं लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावली, माझी एम.ए.ची पदवी आहे तिच्या वर. आता एकच पास राहिला होता आणि कुत्रा नऊ वर्षांचा झाला होता. डॉक्टर त्याचे मागचे पाय दाबून पाहायचे आणि म्हणायचे, "हा हिवाळा चालेल. पुढचाही कदाचित. त्यापुढचं मला विचारू नका." म्हणून यंदाच व्हायला हवं होतं.

परीक्षेत काय काय असतं? दोरीशिवाय मालकाच्या डाव्या पायाशी चालायचं, हाक मारली की यायचं, फेकलेलं लाकडी डंबेल आणून द्यायचं. हे सगळं तुमचा कुत्रा बिस्किटासाठी झोपेतही करेल. खरी मेख शेवटी. सगळ्या कुत्र्यांना एका ओळीत बसवायचं, तळहात खाली करून "थांब" म्हणायचं, एकदाच, आणि सगळ्या मालकांनी कनातीच्या मागे निघून जायचं. पाच मिनिटं नजरेआड. कुत्रा उठला की नापास. आणि पान एकतीसवर माझी पेन्सिलीची खूण आहे: मालकाने लपलेल्या जागेवरून आवाज, हात किंवा इतर कोणतीही खूण केली तरी नापास.

ती ओळ मी त्यांना तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मी काय लहान पोरगा हाय?"

जानेवारीत एका कॉलेजच्या मैदानावर कुत्र्यांचा शो झाला, आपली परीक्षाही त्यातच. सकाळी सातला पोहोचलो तेव्हा गवतावर दव होतं आणि त्या दवात माणसं कुत्र्यांचे केस ड्रायरने वाळवत होती. एका पोमेरेनियनला पावडर लावणं चाललं होतं. तिचे मालक स्वतः बिनआंघोळीचे दिसत होते. देखण्या कुत्र्यांचा वर्ग आधी होता. परीक्षक एकेकाचा जबडा उघडून दात पाहत, पाठीवरून हात फिरवत, मग "चालवून दाखवा" म्हणत. मला माझ्या दाखवण्याच्या कार्यक्रमाची आठवण झाली. महाल वस्तीत मामांच्या घरी मलाही दारापासून खिडकीपर्यंत चालवलं होतं. दात तेवढे मोजले नव्हते. आणि जिंकलेल्या कुत्र्याला निदान रिबीन मिळते.

बँक मॅनेजर आले होतेच, घडीची खुर्ची घेऊन. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "वहिनी, आज जेवणाऱ्या जातीची परीक्षा."

"हो," मी म्हटलं, "तुमची कधी?"

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

सांगायला आनंद वाटतो की तुमच्या कुत्र्याने कमाल केली. चालला असा की दोघांचा पाय एकदम पडावा. हाकेला आला. डंबेल आणलं आणि परीक्षकाच्या हातात द्यायचा मोहसुद्धा आवरला. परीक्षक बाहेरगावचे होते, उन्हाची टोपी घातलेले, गंभीर. तेही एकदा हसले. शिकवणारी मुलगी दोरीपलीकडून मला अंगठा दाखवत होती. उरली होती शेवटची पाच मिनिटं.

आठ कुत्री ओळीत बसली. आठ मालकांनी तळहात खाली केले, "थांब" म्हणाले आणि कनातीच्या मागे गेले. तुमचे आजोबा सगळ्यात शेवटी गेले, मान वळवून वळवून. इथे एक गोष्ट तुम्हाला सांगणं भाग आहे. हेच गृहस्थ सिंचन खात्यात असताना पंधरा-पंधरा दिवस धरणाच्या कामावर जायचे. तुमचे वडील गोवराने फणफणले होते तेव्हाही जीपमध्ये बसले आणि निघाले. जीप गल्लीच्या वळणावर गेली तरी एकदाही मागे पाहिलं नाही. मी फाटकाशी उभी होते, म्हणून मला माहीत आहे.

पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. एक डॉबरमन उठला आणि मालकाला शोधत निघाला. तो बाद. तिसरं मिनिट. आपला कुत्रा पुढच्या पंजांवर हनुवटी ठेवून कनातीकडे पाहत होता. कान सोडून काही हलत नव्हतं. चौथ्या मिनिटाला शेजारचा बीगल उठला, आपल्या कुत्र्याजवळ आला आणि त्याच्या कानात नाक खुपसून खूप वेळ काहीतरी हुंगत राहिला. आपला कुत्रा हलला नाही. बीगलने त्याच्या पाठीवर पाय ठेवला. तरी हलला नाही. मी श्वास धरून बसले होते, हे कबूल करते.

आणि तेवढ्यात कनातीच्या दोन कापडांमधल्या फटीतून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत. तळहात खाली. थांब.

हात एकदा खाली-वर झाला आणि आत गेला.

बँक मॅनेजरांनी वर्तमानपत्र खाली केलं. परीक्षकांनी हात पाहिला होता, माणूस पाहिला नव्हता. पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर मालक बाहेर आले, आपापल्या कुत्र्यांपाशी उभे राहिले. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "तो हात कोणाचा होता?"

 तुमचे आजोबा आकाशाकडे पाहत होते. आकाशात काही नव्हतं. मग त्यांनी मान खाली केली आणि त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली. मी काही केलं नाही. फक्त पाहिलं. तुमचे वडील अजूनही म्हणतात की आईचं पाहणं म्हणजे शिक्षा. मला ते कधी पटलेलं नाही.

आजोबांनी तोच हात वर केला. "माझा," ते म्हणाले. आणि लगेच, "पण साहेब, कुत्रं हाललं काय? नाही हाललं! मंग हातानं काय बिघडलं?"

परीक्षकांना मराठी येत नव्हतं. शिकवणारी मुलगी हिंदीत समजावून सांगू लागली. ते नुसते मान हलवत होते. शेवटी आजोबा माझ्याकडे वळले आणि सगळ्या मैदानासमोर मोठ्याने म्हणाले, "सांग न वं तू! तू वाचलं हाय ना पुस्तक! असं कुठं लिहिलं हाय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. या माणसाने मला चारचौघांत कधी माझं मत विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेव्हा हे विचारलं. मला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. पुस्तक घरी होतं.

"पान एकतीस," मी म्हणाले.

कुत्रा पूर्ण वेळ जागेवर बसून होता. परीक्षकांनी वहीत 'नापास' लिहिलं, आजोबांचा खांदा थोपटला आणि म्हणाले की कुत्रा फार उत्तम आहे. बँक मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण ना!" पण त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि ते जाताना कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. त्यांच्याबद्दल मी वर जे लिहिलं ते खरंच आहे, पण हेही खरं आहे.

गाडीत बसून घरी निघालो. कुत्रा मागच्या सीटवर घोरत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा आजोबा समोर पाहत म्हणाले, "घरातलाच साक्षीदार."

"तीनदा वाचून दाखवलं होतं," मी म्हटलं.

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. आजोबांनी गाडी हलवली नाही. म्हणाले, "एकदा सारे त्याच्या नजरेआड गेले. चार बॅगा घेऊन. तो तीन हप्ते फाटकापाशी बसून होता, तू पाहिलं हाय. त्याले कसं समजन का मी पाच मिनिटांत येतो?"

मला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण सुचलं, आणि मी ते दिलंही. "त्याला समजलं होतं. तो बसून होता. तुम्हीच थांबला नाहीत."

हॉर्न वाजतच होता. मग त्यांनी गाडी काढली.

दोन रविवार ते मैदानावर गेले नाहीत. तुमच्या फोनवर आवाज तुटायला लागला, तो तेव्हापासूनच. तिसऱ्या रविवारी शिकवणारी मुलगी स्वतः घरी आली, चहा घेतला आणि त्यांना तोंडावर म्हणाली, "काका, कुत्रा तं शिकला. तुम्हीच काहून नाही शिकून राहिले? पुढच्या हिवाळ्यापर्यंत वेळ हाय. त्याला सुट्टी द्या अन् तुम्ही प्रॅक्टिस करा."

मला वाटलं, आता हे उठून आत जातील. ते म्हणाले, "कशी करायची?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही तिघं मैदानावर जातो. कुत्रा गवतावर बसतो. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसते, हातात घड्याळ. तुमचे आजोबा तळहात खाली करून "थांब" म्हणतात आणि पाण्याच्या टाकीमागे जातात. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद टिकले. टाकीच्या डाव्या बाजूने टोपी दिसली, मग चष्मा. महिनाभरात दीड मिनिटावर आले. मधे एकदा शेजारची एक मुलगी येऊन विचारून गेली की आजोबा रोज टाकीमागे काय करतात. मी सांगितलं, अभ्यास. डॉक्टरांनी परवाच कुत्र्याचे पाय पुन्हा दाबून पाहिले आणि अजून तरी "नको" म्हटलेलं नाही.

काल साडेतीन मिनिटं झाली. टोपी नाही, चष्मा नाही, हात नाही. मी घड्याळाकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते की जमतंय. तेवढ्यात टाकीमागून आवाज आला, "झाले काय वं पाच मिनिटं?"

कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुत्र्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.