तळ्याची ओटी

घरात मूल जन्मलं की बायकांनी तळ्याची ओटी भरायची, खण-नारळ पाण्यात सोडायचा, ही आमच्या गावची रीत. यंदा चार बायामाणसांनी मिळून तळं आणि ओढा राखायला समिती काढली. स्वतःच गाळ उपसतात आणि पाण्यात कुणाला काही सोडू देत नाहीत. मला नात झाली, तेव्हा समितीच्या सुमनताईने माझ्या बायकोला भरल्या ओटीनिशी परत पाठवलं. मी काठावर जाऊन भांडलो, मग नुसत्या नारळावर तडजोड करून पाहिली. सारा जन्म बाजारात घासाघीस करून वर आलेला मी. पण तिने तांदळाचा दाणाही सोडू दिला नाही.

आज तिचीच सासू ओटी घेऊन आलेली दिसली आणि मी मुद्दाम थांबलो.

सुमनताई काठावर आडवी आली. "आत्याबाई, घरी चला."

"तुझ्याच तान्ह्या लेकाची ओटी आहे गं! मोठी आली पाणी राखणारी!"

"दुसऱ्यांना नाही म्हटलं, आता आपल्याला कसं हो म्हणू?"

ओढ्याच्या तोंडाशी जुने खण गाळात रुतले होते. त्यांच्यामागे पाणी तुंबून वास मारत होतं. सगळं मायेनेच दिलेलं. माझा राग अजून होता, पण तो कुणावर काढावा, कळेना.

म्हातारी माझ्याकडे वळली. "तू बाजारातला माणूस. सांग, नातवासाठी ह्या पाण्याला आता काय देऊ?"

 घराकडे परतायला चढ होता, म्हणून तिच्या हातातला नारळ तेवढा मी घेतला.