वैर नाही, असे तो म्हणाला

प्रेगेल नदीच्या धक्क्यावर ताग उतरला की तो शपथ घेतलेल्या पारख्यानेच तपासायचा. गासडीला हात लावण्याआधी कारकून त्याला विचारी, "मालकाशी वैर आहे का?" असले तर माल दुसऱ्या पारख्याकडे जाई. क्रिस्टोफ नावयोक्सने एकोणीस वर्षे खरे उत्तर दिले होते.

त्या दिवशी माल ट्रिबुकाइटचा होता.

क्रिस्टोफचा बापही पारखीच. त्याने ट्रिबुकाइटचा सडका ताग नाकारला, तर ट्रिबुकाइटने शपथेवर खोटेच सांगितले की याने लाच मागितली. बापाचा पारख्याचा शिक्का ऐरणीवर फोडला गेला, कामही गेले. दोन हिवाळ्यांत बाप गेला. तेव्हापासून ट्रिबुकाइट आपला माल दुसऱ्या बंदरात उतरवत असे, आणि क्रिस्टोफ वाट बघत असे.

आता गासड्यांतून आंबूस वास येत होता. दुसरा पारखी गेडेके मऊ मनाचा; शेठ जरा गोड बोलला की तो माल सोडून देणार, हे क्रिस्टोफला पक्के ठाऊक होते.

"मालकाशी वैर आहे का?"

"नाही," क्रिस्टोफ म्हणाला.

ट्रिबुकाइट दचकला.

"शेठ, पारख्याबद्दल तुमची हरकत?"

हरकत घ्यायची तर वैर कशाचे ते सांगावे लागणार, म्हणजे ती जुनी शपथ उकरली जाणार. शेठने नकारार्थी मान हलवली.

क्रिस्टोफने सावकाश, चवीने, सोळाही गासड्या फोडल्या.

"शेठ, लोणचं घातलंय की काय?"

हमाल खदखदून हसले.

"वरून जरा ओला झाला असेल, नावयोक्स."

"ही सड पोटातली आहे. घाला की हात!"

सोळाच्या सोळा बाद. रिवाजाप्रमाणे कारकुनाने मालकाचे नाव धक्क्यावर तीनदा मोठ्याने वाचले. क्रिस्टोफने तिन्ही वेळा डोळे मिटून ऐकले.

घरी डोर्टेने वाटाणे आणि डुकराचे खारवलेले मांस वाढले.

"आज तरी पोटभर जेवा. सूड झाला ना?"

"झाला."

"मग?"

विद्यापीठातली पोरे गुत्त्यात वाद घालत, मनात खुन्नस ठेवून केलेले कर्तव्य हे कर्तव्य का? क्रिस्टोफ त्यांना हसायचा. ताग सडका तो सडकाच, पारख्याच्या मनात काही का असेना. अजूनही त्याला तसेच वाटत होते. पण खुन्नस मनात राहिली नव्हती. ती शपथेवर तोंडातून खोटे होऊन बाहेर पडली होती, ट्रिबुकाइटच्या तोंडून पडली होती तशीच.

"मी त्याच्यासारखाच निघालो, डोर्टे," तो म्हणाला आणि ताट सरकवले.

सकाळी तो कारकुनापुढे उभा राहिला. "काल वैर होतं."

"अरे, माल सडकाच होता ना? गप्प बस. कोण विचारतंय?"

"तुम्ही विचारलं होतं."

कारकुनाने कपाळाला हात लावला. गेडेकेकडून फेरतपासणी होणार, क्रिस्टोफचा शिक्का फुटणार. बातमी कळताच ट्रिबुकाइट धावत आला.

"बापाच्याच वळणावर गेलास की रे!"

"बापाने काही केलं नव्हतं. मी केलंय." क्रिस्टोफ कारकुनाकडे वळला. "लिहा, नावयोक्सने खोटी शपथ घेतली. आता वैर कशाचं, तेही लिहा. नियम आहे."

"त्याची काय गरज?" ट्रिबुकाइटचा चेहरा उतरला. "बाद झालेल्या मालाचं नुकसान मी सोसतो. मिटवून टाक."

"बसा शेठ," क्रिस्टोफ म्हणाला, "बापाचा शिक्का फुटला त्या तारखेपासून सांगतो," आणि कारकुनाला एकही शब्द गाळता येऊ नये इतक्या सावकाश सांगू लागला.